चौतीस चित्रांची पट्टी

"आणि मी कशात बसणार आहे?"

प्रश्न एवढाच होता. मधल्या सुट्टीत शाळेच्या जिन्यावर बसून मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात मारला होता. त्यांच्यातली एक, टोपणनाव उंच, म्हणाली, हिंमत असेल तर आज घरी विचारून दाखव. आणि वकील, जिला हे नाव कुणी दिलं ते आता कुणाला आठवत नव्हतं पण का दिलं ते रोज पटत होतं, ती म्हणाली, उत्तर काय येतं ते जसंच्या तसं सांग, तुझी मखलाशी नको. त्यात काय, असं म्हणून ती घरी आली होती. पण संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाबांनी तीन दिवसांच्या सहलीत जायच्या त्या मोठ्या पाळण्यांच्या बागेचा नकाशा अंथरला, एका कोपऱ्यावर मिठाची बाटली आणि दुसऱ्यावर स्वतःचं मनगट ठेवलं, आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीने दुसऱ्या फाटकापासून बोटीपर्यंतची रेघ ओढायला घेतली, तेव्हा ती उगाच अडली. परीक्षेत येणारं उत्तरही लिहिताना अडावं तशी. मग तिने विचारून टाकलं.

बाबांची पेन्सिल थांबली. "म्हणजे?"

"म्हणजे पाळण्यांपैकी. खारू बोटीत बसणार, खारू छोट्या गाडीत दोनदा बसणार, खारू घोड्यांच्या चक्रात निळ्या घोड्यावर बसणार. मी कशात बसणार?"

आईने हातातला अर्ज खाली ठेवला. धाकट्या बहिणीला, खारूला, रांगेत उभं न राहता बाजूच्या दाराने सोडावं म्हणून तो अर्ज होता, त्याला डॉक्टरांचं पत्र जोडायचं होतं, आणि पत्रावर डॉक्टर सही करायला विसरले होते. "अगं, तुझं काय," आई म्हणाली. "तू कशातही बसशील."

"तुझं काय," असं तिने मनात टिपून घेतलं. जसंच्या तसं. आणि टिपताना तिच्या लक्षात आलं की हे नवीन नाहीच. तुझं काय, तू मागे बस. तुझं काय, तू नंतर खाशील. ती सात वर्षांची असताना इस्पितळाच्या लांबच लांब कॉरिडॉरमध्ये एका हिरव्या बाकावर तिला बसवलं होतं, आत खारूला कसल्या कसल्या तारा लावून तपासत होते, आणि तिला जोराची लघवी लागली होती, पण बाकावरून हलायचं नाही असं सांगितलेलं, म्हणून ती गुडघ्याला गुडघा घासत, दात आवळून बसून राहिली. तेव्हा जाता जाता एक नर्सबाई थांबल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, किती समजूतदार आहे हो मुलगी. झालं. तेवढ्यावर ती समजूतदार झाली. मूळ कारण कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते बाक सोडायला अजून अर्धा तास लागला हेही. तो शब्द आई-बाबांनी घरी आणला, आणि तेव्हापासून तिला तो रोज घालावा लागतो, उंची वाढली तरी उसवून न वाढवलेल्या गणवेशासारखा, काखेत काचणारा.

"सगळीकडे आपण चौघं बरोबरच असणार की," बाबा समजावणीच्या सुरात म्हणाले. बाबा लिफ्टची तपासणी करतात. दिवसभर रिकाम्या लिफ्टमधून वरखाली जायचं, प्रत्येक मजल्याचं बटण दाबायचं, दार किती सेकंदांत मिटतं ते लिहायचं. त्यामुळे जगात काहीही अडकू शकतं अशी त्यांची पक्की समजूत आहे, आणि सहलसुद्धा त्यांनी त्याच धास्तीने आखली होती. स्वच्छतागृहं कुठे, सावलीचे बाक कुठे, कुठल्या पाळण्याचा भोंगा वाजतो, कुठला आवाज न करता चालतो. नकाशावर तीन ठिकाणी त्यांनी ठसठशीत फुल्या मारल्या होत्या. सगळ्यात मोठी फुली अजगरावर होती. अजगर म्हणजे त्या बागेतला सगळ्यात उंच लोखंडी रूळ, त्यावरून डबे सुटतात, उलटे होतात, अंधाऱ्या बोगद्यात शिरतात. फुलीशेजारी बाबांच्या अक्षरात लिहिलेलं: आवाज, अंधार, उलटं. इकडे फिरकायचं नाही.

तिने गेल्या महिनाभरात त्या अजगराची फिल्म फोनवर निदान पन्नास वेळा पाहिली होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं म्हणा.

बरं, सगळी चौकशी त्यांनी अशी करण्यामागे कारण होतं, आणि ते कारणही तिला तोंडपाठ होतं, त्यामुळे धड रागावताही यायचं नाही. खारू नऊ वर्षांची. मोजकं बोलते, आवाज तिच्या अंगावर येतात, म्हणून बाहेर पडताना कानांवर आवाज अडवणाऱ्या लाल टोप्या लावते, आणि पेन्सिलीच्या टोकाची सालं एका पत्र्याच्या डबीत साठवते. खारीसारखी, म्हणून खारू. पुढे काय होणार ते आधी कळलं नाही तर तिचा धीर सुटतो. म्हणून घरात सहा वर्षांपासून पट्टी आहे. लांब कापडी पट्टी, तिच्यावर वेल्क्रोने चिकटवायची तळहाताएवढी चित्रं. बूट. बस. दातांचा डॉक्टर. घर. चित्रं डावीकडून उजवीकडे, जसं होणार तसं, आणि जे झालं ते चित्र खारू स्वतःच्या हाताने उचकटते, कर्र असा आवाज करून. त्या आवाजाने तिचे खांदे खाली येतात. पट्टीचा कायदा एकच: जे पट्टीवर आहे ते होणार, जे नाही ते होणार नाही. दोन वर्षांपूर्वी प्राणिसंग्रहालयाच्या पट्टीवर हत्ती होता, आणि नेमका त्या दिवशी हत्ती आजारी म्हणून आत बांधलेला. खारू पाऊण तास कुंपणापाशी जमिनीवर आडवी पडून ओरडत होती. लोक थांबून बघत होते. हत्ती नाही तर निदान हे तरी, असं. एक बाई म्हणाल्या, अशांना घरीच ठेवावं, आणि आईने वळून त्यांच्याकडे असं पाहिलं की बाईंनी स्वतःचं मूल छातीशी धरलं. तेव्हा तेरा वर्षांची ती काय करत होती? पिशवी धरून उभी होती. तिच्या सगळ्या आठवणींत ती पिशवी धरून उभी असते. त्या दिवसापासून खात्री केल्याशिवाय पट्टीवर काही येत नाही. बाबांनी बागेत इतक्या वेळा फोन केला होता की तिथली मुलगी त्यांचा आवाज ऐकल्यावर स्वतःच म्हणायची, हो काका, निळा घोडा आहे जागेवर.

आणि पट्टीची चित्रं कोण काढतं? ती. पहिल्यापासून तीच. आईने काढलेला कुत्रा खारूने टेबल म्हणून वाचला होता, तेव्हापासून ते काम तिच्याकडे आलं. गोल डोकं आणि अंबाडा म्हणजे आई. चौकोनी चष्मा म्हणजे बाबा. दोन लाल ठिपके म्हणजे खारू. या सहलीसाठी तिने तीन आठवडे बसून चौतीस चित्रं काढली होती, पहाटेच्या गजरापासून परतीच्या उशीपर्यंत. चित्र काढायचा तिला कधी कंटाळा नव्हता. उलट याच वर्षी चित्रकलेच्या सरांनी तिला सायकलींच्या शेडची सबंध भिंत दिली होती आणि तिने शिडीवर चढून तिच्यावर उडणाऱ्या सायकली काढल्या होत्या, एकूण एकवीस, आणि खाली उजव्या कोपऱ्यात स्वतःचं नाव, हातभर उंच. मुख्याध्यापिका म्हणाल्या, नाव जरा मोठं झालं नाही का? ती म्हणाली, भिंत मोठी आहे बाई. हे उत्तर आपल्या तोंडून आलं याचंच तिला दिवसभर हसू येत होतं. त्यानंतर तिने न विचारता केस कानापर्यंत कापून घेतले, पिवळेजर्द बूट घेतले, वर्गात मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर आली. शाळेत ती एक अख्खी मुलगी होती. घराचं कुलूप उघडलं की तिचा हात आपोआप पिशवीकडे जायचा.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, रंगीत तालीम होती. खोल्यांमधल्या बोळात जेवणाच्या खुर्च्या दोन्ही बाजूंना लावून रांग केलेली, शेवटी दाराशी बाबा तिकीट तपासनीस, डोक्यावर कामावरचं पिवळं शिरस्त्राण. "नमस्कार, पास दाखवा," बाबा भरड्या आवाजात म्हणाले, आणि खारू खुश होऊन खिदळली, कारण बाबा तिसऱ्यांदा तेच वाक्य त्याच आवाजात म्हणाले होते. पट्टी भिंतीवर लावली होती. आई पुढे गेली. खारूने चित्रावरच्या अंबाड्यावर बोट ठेवलं, "आई," आणि आईला सोडलं. मग स्वतः. मग चष्म्यावर बोट, बाबा. मग ती पाऊल पुढे टाकायला गेली, खांद्याला पिशवी, पिशवीत कानटोप्यांचा जादा जोड, पाणी, सुके कपडे. खारूने तिच्या पोटावर पंजा ठेवला आणि तिला मागे ढकललं.

"ताई नाही," खारू म्हणाली.

"अगं, ताईपण येणार," आई हसून म्हणाली.

खारूने पट्टीकडे पाहिलं. पहिल्या चित्रापासून चौतिसाव्यापर्यंत बोट फिरवत गेली, न घाई करता, हिशेब तपासणाऱ्या साहेबासारखी. मग वळली. "ताई नाही. ताई घरी."

बाबा आधी हसले. मग शिरस्त्राण काढून पट्टीजवळ गेले आणि त्यांचं हसू ओठांवरच राहिलं. ती पण गेली. बस: अंबाडा, चष्मा, लाल ठिपके. फाटक: तेच. बोट: तेच. बाकावर बसून पाणी पिणं: तीन आकृत्या, तीन पेले. कुठेही चौथी नव्हती. स्वतःच्या हाताने, पेन्सिलीला टोक काढून काढून, तिने चौतीस वेळा स्वतःला घरी ठेवलं होतं.

"तू स्वतःला काढलंच नाहीस?" आई म्हणाली. "असं कसं गं विसरलीस?"

"तुम्ही तीन आठवडे रोज बघताय," ती म्हणाली. "तुम्हाला तरी दिसलं?"

आई चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते, ही ओळ वाचा, आता ही, हे स्पष्ट की ते. घरीही तिचं बोलणं तसंच, दोनच भिंगं पुढे करायची, आणि दोन्ही तिनेच निवडलेली. आता तिने घसा साफ केला. "बरं, झालं ते झालं. तू एक चित्र काढ फक्त, आपण पहिल्यालाच लावून टाकू. आत्ता काढतेस की जेवून?"

"जेवूनही नाही," ती म्हणाली, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर खारूला त्रास झाला असता. रागातसुद्धा दार हळू लावावं लागतं, याचा तिला दार आपटावं इतका राग आला.

पलंगावर उताणी पडून तिने वकीलला फोन लावला. वकीलने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग काढूच नकोस. सुटलीस ना. तुमच्या घरचा कायदा तुझ्या बाजूने आहे, असं कधी तरी होतं का? मावशी राहील तुझ्यासोबत. तीन दिवस घर तुझं." आणि खरंच की. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. चित्र काढलं नाही तर ती जाऊच शकत नव्हती. ना भांडण ना रडारड. फोन ठेवल्यावर ती मनातल्या मनात त्या तीन दिवसांत पाय पसरून बसून पाहायला लागली. सकाळी उशिरा उठायचं. मोठ्याने गाणी लावायची. पोरींना बोलवायचं, टेबलावर पाय ठेवून खायचं. दार आपटून बघायचं, पाच-सहा वेळा. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला दिसलं की उरलेल्या तीन खुर्च्यांत कुणी नाही आणि बागेत ते तिघं बाकावर बसलेत, आणि आईने पिशवी मांडीवर घेतलीय आणि सुके कपडे कुठल्या कप्प्यात आहेत ते तिला सापडत नाहीये. हे दिसलं आणि ती वैतागली. तीन दिवस स्वतःचे म्हणून मिळाले, आणि त्यातही तिने पिशवीच शोधून काढली.

पलंगाखाली बुटांच्या तीन खोक्यांत सहा वर्षांची चित्रं होती. ती खाली उतरून बसली आणि खोकी उलटी केली. केस कापणं, पहिली शाळा, दुसरी शाळा, समुद्र, विजेचा बल्ब बदलणं, मावशीचं नवीन घर. नवव्या वर्षी काढलेली वाकडी आई, बाराव्या वर्षीची सरळ आई. प्रत्येक ठिकाणी ती होती. समुद्रावर तिचा पाय शिंपल्याने कापला होता, खूण अजून आहे. केस कापताना खारूचे दोन्ही हात तिनेच धरले होते आणि खारूने तिच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला होता. चित्रात खुर्ची, कात्री, खारू, आई. शेडच्या भिंतीवर हातभर नाव लिहिणारी हीच का ती मुलगी? काढणारा दिसत नसतो, असं सर म्हणाले होते कधी तरी, कौतुकाने. आत्ता सर समोर असते तर तिला बरं वाटलं असतं.

दार ढकलून खारू आत आली. खोक्यांचा पसारा पाहून जरा थबकली, मग डबी घेऊन शेजारी मांडी घालून बसली, आणि ताईने पेन्सिलीला टोक काढलं की पडेल ते साल आपलं, या बेताने वाट पाहू लागली.

"खारू," तिने समुद्राचं चित्र पुढे धरलं. "यात ताई कुठंय?"

खारूने चित्र निरखलं. तिचं बोट लाटेवरून, आईवरून, लाल ठिपक्यांवरून गेलं, चित्राच्या कडेशी आलं, कड ओलांडून फरशीवर उतरलं, आणि सरकत सरकत येऊन ताईच्या मनगटावर थांबलं. जिथे पेन्सिल धरलेली होती तिथे.

"इथे," खारू म्हणाली. यात काय विचारायचं, अशा सुरात.

तिला ते गोड वाटलं. पण असं गोड वाटून वाटूनच तर सहा वर्षं गेली होती. "ते कळलं," ती म्हणाली. "पण मी तिथेपण पाहिजे ना."

खारूला ते पटलं की नाही कळायला मार्ग नव्हता. तिने डबीचं झाकण उघडून पुढे केलं. म्हणजे, काढ टोक.

तिने टोक काढलं. कोरा पुठ्ठा घेतला आणि अडली. आईचा अंबाडा, बाबांचा चष्मा, मग ताईचं काय? पिशवी काढली असती तर खारूने एका क्षणात ओळखलं असतं. तिने पिशवी काढली. पाहिलं. खोडरबराने इतकी घासली की पुठ्ठ्याला लव आली. मग पिवळा खडू घेऊन दोन बूट काढले, सबंध चित्रातले सगळ्यात मोठे, आणि त्यांच्यावर कापलेले केस. आणि मग हात थांबेचना. तिने रूळ काढला, पुठ्ठ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वेटोळे घालत जाणारा, आणि अगदी वर, उलट्या डब्यात, पिवळे बूट आकाशाकडे केलेली ताई. एकटी. तोंड उघडं. खाली, लहानसं, एक बाक. बाकावर अंबाडा, लाल ठिपके, चष्मा. पिशवी चष्म्याच्या मांडीवर.

खारूने ते चित्र नाकाला लावून पाहिलं. बुटांवर बोट. "ताई." मग बोट रुळावर चढवलं. "ताई वर." मग तिचा श्वास भराभर होऊ लागला, बाही दातांत गेली. ती उजवीकडची रिकामी फरशी थापटू लागली. पुढे? पुढे काय? पुढचं चित्र कुठंय?

तिने घाईघाईने दुसरा पुठ्ठा ओढला. पिवळे बूट जमिनीवर, बाकाशेजारी. चार आकृत्या. खारू पाहत राहिली. बाही सुटली.

"ताई परत," खारू म्हणाली.

मग दोघींनी तालीम केली. ताई पलंगावर चढायची, हात वर करून आवाज न करता ओरडायची, खारू स्टुलावर बसून मोजायची. ताई उतरली की खारू चित्र उचकटायची, कर्र. पहिल्यांदा खारू पाचाला रडकुंडीला आली. चौथ्यांदा शंभरापर्यंत गेली. नवव्यांदा तर ताई उतरली तरी ती मोजतच होती, मोजायलाच मजा येत होती तिला, आणि वर बघून वैतागून म्हणाली, "ताई, जा." पिवळे बूट बाकीच्या सगळ्या चित्रांत घालेपर्यंत तिन्हीसांज झाली. बसमध्ये, फाटकात, बोटीत. पाण्याचा चौथा पेला काढायला जागा नव्हती, तर तिने बाबांचा पेला खोडून अर्धा केला.

आई-बाबा टेबलाशी होते. नकाशा तसाच पसरलेला. तिने पट्टी आणून नकाशावर आडवी टाकली, फुल्यांसकट सगळा नकाशा झाकून. खारू मागोमाग आली आणि कोपऱ्यावरची मिठाची बाटली उचलून पट्टीच्या टोकावर ठेवली.

"झालं का काढून? बघ, मघाशीच काढलं असतंस तर असा किती वेळ लागला असता," आई म्हणाली आणि वाकून पाहू लागली. बाबांनी चष्मा वर सारला. त्यांचं बोट बसवरून, फाटकावरून पुढे गेलं आणि अजगरापाशी अडकलं.

"मी येतेय," ती म्हणाली. आवाज शाळेतला निघाला, आणि ती स्वतःच क्षणभर दचकली. "सहलीच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी अजगरात बसणार आहे. एकटी. पिशवी तेव्हा बाबांकडे. मी खाली येईपर्यंत तुम्ही तिघं त्या बाकावर बसायचं."

"अगं, पण अकराला तर निळा घोडा," बाबा पेन्सिल शोधत म्हणाले. "आणि तिथला आवाज... आपण असं करू, शेवटच्या दिवशी वेळ उरला, तर..."

"किंवा अजगराऐवजी तो मोठा झोपाळा," आई म्हणाली. "दोन्हीपैकी..."

खारूने पट्टीवर बोट ठेवलं. "ताई वर," ती म्हणाली. बोट एक चित्र पुढे सरकलं. "ताई परत."

बाबांची पेन्सिल नकाशावर होती, आणि नकाशा पट्टीखाली.

"आता बदलता नाही यायचं," ती म्हणाली. "खारूने पाहिलंय."